मागच्या पटांगणातली शाळा

३ फेब्रुवारी

चौकीतल्या इन्स्पेक्टरसाहेबांनी सांगितलं म्हणून ही वही. "तो माणूस कधी येतो, किती वेळ थांबतो, काय करतो, रोजच्या रोज लिहून ठेवा. पुढे उपयोगी पडतं." पुढे म्हणजे कधी, हे विचारायची हिंमत झाली नाही.

तर लिहितो. सकाळी आठ वाजून दहा मिनिटं. कारखान्याच्या फाटकासमोर, रस्त्यापलीकडे, सायकल दुरुस्तीच्या टपरीला टेकून उभा. वय साठीच्या पुढे. राखाडी शर्ट. उजवा हात कापडी पिशवीत, तो कधीच बाहेर काढत नाही. माझी गाडी आत वळते तसतशी त्याची मानही वळते. आज सलग पाचवा दिवस. ड्रायव्हर म्हणतो, "साहेब, म्हातारा आहे, फुंकर मारली तर पडेल." पडेलही. पण पिशवीत काय आहे?

शिवाय दोन चिठ्ठ्या आल्या आहेत, दोन्ही बिनसहीच्या. पहिलीत लिहिलंय, "शाळा बंद करा. मुलांना घरी न्या." दुसरीत एवढंच, "अजून वेळ आहे." अक्षर पहिलीतल्या मुलासारखं वेडंवाकडं. इन्स्पेक्टर म्हणाले, ओळख लपवायला मुद्दाम डाव्या हातानं लिहिलेलं असतं असं.

मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे आणि कारखान्यात अजून 'धाकटे साहेब'च आहे. गाड्यांच्या बॅटऱ्यांचा हा कारखाना बाबांनी उभा केला. मी फक्त त्यात जन्मलो. पूर्ण माझी म्हणावी अशी एकच गोष्ट मी केली, ती म्हणजे शाळा. कारखान्यामागचं पटांगण तीस वर्षं भिंत घालून नुसतं पडून होतं. तिथे कामगारांच्या आणि पलीकडच्या वस्तीतल्या मुलांसाठी शाळा बांधली. आठ महिन्यांपूर्वी सुरू झाली. एकशे चाळीस मुलं आहेत. आमची छकुलीही तिथेच दुसरीत आहे. बायको तिसरीला शिकवते. 'जे माझ्या मुलीला चालेल तेच इतरांना देईन,' असं मी उद्घाटनाच्या भाषणात म्हणालो होतो. टाळ्या बऱ्याच वेळ चालल्या होत्या.

शाळेशी कुणाचं काय वैर असू शकतं?

६ फेब्रुवारी

आजही होता. आठ ते साडेनऊ.

मामांना चिठ्ठ्या दाखवल्या. मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. तीस-पस्तीस वर्षं कारखान्याचे मॅनेजर. बाबांना झटका आल्यापासून खरा कारभार तेच बघतात. त्यांनी चिठ्ठ्या वाचल्या, घडी घातली आणि स्वतःच्या खिशात ठेवल्या.

"काढून टाकलेला कामगार असणार. लक्ष देऊ नकोस."

"पण मामा, पोलिसांना लागतील त्या."

"पोलिसांत गेलास? मला न विचारता?" ते एवढे चिडलेले मी क्वचितच पाहिलेत. मग लगेच माझ्या पाठीवर हात ठेवला. "अरे, तुझ्या जिवाला घोर नको म्हणून म्हणतो. शाळेला दोन रखवालदार देतो मी. निर्धास्त राहा."

मला लहानपणापासून मामांच्या हाताचा आधार वाटतो. आजही थोडं बरं वाटलं.

संध्याकाळी बाबांच्या खोलीत गेलो. दीड वर्षापूर्वीच्या झटक्यानंतर त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. एकच शब्द उरलाय. शाळेचे नवे फोटो दाखवले, की तो बाहेर पडतो. "माती." डाव्या हातानं गादीवर थापटत, डोळ्यांत पाणी आणून म्हणतात, "माती. माती."

सिस्टर म्हणाल्या, "फोटो बघून भरून येतं त्यांना." बिचाऱ्या समजूत घालतात. मला अर्थ कळतो. बाबांनी आयुष्यात कुणाला फुकट खिळाही दिला नाही. मी सगळ्याची माती केली, असं त्यांना म्हणायचंय. ज्या माणसाचे सगळे शब्द गेले, त्यानं नेमका हाच ठेवावा!

९ फेब्रुवारी

आज तो नव्हता. दिवसभर मला काही सुचलं नाही. समोर दिसतो तेव्हा निदान कुठे आहे ते तरी माहीत असतं.

११ फेब्रुवारी

शाळेत गेलो होतो. फाटकावर नवे रखवालदार, काठ्या घेऊन. मुलं त्यांच्याकडे बघत चिडीचूप आत जातात. आधी किती कालवा असायचा!

मधल्या सुट्टीत बायको म्हणाली, "तू जरा वर्गात येऊन बस एकदा. मुलं पेंगतात रे. पोट दुखतं म्हणून रोज तीन-चार जणं घरी जातात. जूनमध्ये पाढे घडाघडा म्हणणारी मुलगी आज चारच्या पाढ्याला अडखळली."

"परीक्षा जवळ आली ना. आणि या रखवालदारांना बघून घाबरली असतील."

"परीक्षेनं हिरड्या काळ्या पडतात?"

मी म्हटलं, दात घासत नसतील. ती घंटेआधीच वर्गात परत गेली.

शाळेमागची बाग मात्र बघण्यासारखी झाली आहे. पालक, मुळे, मेथी. मुलं हातानं वाफे करतात, मातीत कोपरापर्यंत बुडालेली असतात. पायाच्या खोदाईत निघालेली सगळी माती मामांनी मैदानावर आणि बागेत पसरून दिली होती, विकत आणायला लागली नाही. शुक्रवारी प्रत्येक मूल एक जुडी घरी नेतं. छकुलीनंही गेल्या शुक्रवारी आणली होती. तिच्या हातचा पालक म्हणून मी दोनदा वाढून घेतला. तिनं मात्र ताटाला हात लावला नाही, पोट धरून झोपून गेली. मोठ्यांची कुजबुज तिच्या कानावर गेली असणार. मुलांना सगळं कळतं. हे सगळं त्या माणसामुळे चाललंय.

१४ फेब्रुवारी

क्रमानं लिहितो.

दुपारी साडेबारा, शाळा सुटायची वेळ. मी छकुलीला घ्यायला गेलो होतो. ती फाटकातून जुडी घेऊन बाहेर आली आणि तो माणूस कुठूनसा तिच्यासमोर उभा राहिला. मी गाडीत होतो. दार उघडायला हात गेला आणि तिथेच थिजला. हे मला लिहिलंच पाहिजे. माझी मुलगी वीस पावलांवर होती आणि मी गाडीतून उतरलो नाही.

त्यानं तिच्या हातावर फटका मारला. जुडी खाली पडली. ती त्यानं पायाखाली चिरडली, पुन्हा पुन्हा. दुसऱ्या मुलांच्या जुड्याही हिसकावायला लागला. तेवढ्यात रखवालदार धावले. त्यांनी त्याला काठ्यांनी मारलं, तो खाली पडल्यावरही मारलं. पिशवी उडून रस्त्यावर पडली. आत काहीच नव्हतं. त्याचा उजवा हात मनगटापासून खाली लोंबत होता, फडकं लोंबावं तसा. तो त्यानं चेहऱ्यावर घ्यायचा प्रयत्न केला, पण पंजा वर होईना.

पोलीस घेऊन गेले.

छकुली घरी येईपर्यंत रडली नाही. मग म्हणाली, "बाबा, ते आजोबा ओरडत होते, खाऊ नको, खाऊ नको. आणि आपल्या माणसांनी त्यांना मारलं."

वेडा असेल. वेडाच असणार.

१५ फेब्रुवारी

चौकीत तक्रार लिहून दिली. तो कोपऱ्यातल्या बाकावर होता, डोळा सुजलेला. मला बघून उठायला लागला.

"धाकटे साहेब, ती तुमचीच पोरगी होती? तुमची स्वतःची?"

मी तक्रारीखाली सही केली.

"मग तुम्हाला माहीतच नाही," तो म्हणाला आणि मटकन खाली बसला.

हे वाक्य मला का लागून राहिलंय कळत नाही.

मामा घाईघाईनं चौकीत आले. मला वाटलं आता त्याची खैर नाही, पण त्यांनी उलटच सांगितलं. "म्हातारा माणूस आहे, कशाला कोर्टकचेऱ्या? तक्रार मागे घे. त्याला दूर कुठेतरी पाठवून देऊ, राहायची सोय करून." मामांचं मन इतकं हळवं आहे हे मला माहीत नव्हतं. मी मात्र मागे घेतली नाही. मला भीती वाटते, आणि घाबरलेला माणूस दयाळू नसतो.

१६ फेब्रुवारी

बायको सकाळी मला न सांगता चौकीत जाऊन आली. मी जेवायला बसलो होतो. ती समोर बसली, माझं ताट बाजूला सरकवलं.

"पालक आहे त्यात?"

"नाही. का?"

"तो माणूस तुमच्या कारखान्यात होता. शिसं वितळवायच्या खात्यात, अठरा वर्षं. मागच्या पटांगणात काय आहे तुला माहीत आहे?"

"शाळा आहे."

"शाळेखाली."

मग तिनं सांगितलं. जुन्या बॅटऱ्या फोडून उरलेला गाळ, शिशाची राख, सगळं पत्र्याच्या पिंपांत भरून तीस-बत्तीस वर्षांपूर्वी त्या पटांगणात पुरलं होतं. तो स्वतः पुरणाऱ्यांत होता. किती पिंपं ते त्यालाही आठवत नाही. पुढे एका कामगाराची म्हैस तिथे चरून मेली, तेव्हा बाबांनी भिंत घातली आणि हुकूम काढला, की इथे गवतही कापायचं नाही.

"खोटं आहे," मी म्हणालो. "पैसे उकळायचे असतील."

"त्यानं एक पैसा मागितला नाही. त्याची नात आपल्या शाळेत पहिलीत आहे. तिला घरी ठेव म्हणून तो लेकीच्या पाया पडला, पण तिला वाटतं बापाचं डोकं फिरलंय. एवढी चांगली शाळा कोण सोडेल?"

मी उठलो आणि बाबांच्या खोलीत गेलो. सिस्टरना बाहेर पाठवलं. बाबांच्या उशाशी गुडघ्यांवर बसलो, लहानपणी बसायचो तसा.

"बाबा, माती म्हणजे पटांगणातली माती?"

त्यांनी डोळे मिटले. डावा हात माझ्या मनगटावर आवळला, इतका घट्ट की वळ उठले. दीड वर्ष ते मला हाका मारत होते आणि मी मान खाली घालून फोटो पुढे करत होतो.

१७ फेब्रुवारी

मामांच्या केबिनमध्ये गेलो. वाटेत जिन्यावर दोनदा थांबावं लागलं.

त्यांनी नाकारलं नाही. हेच जास्त भयानक वाटलं.

"दोन फूट ताजी माती टाकायची असं ठरलं होतं. टाकलीही. पण कंत्राटदारानं पाया खोल घेतला आणि खालचं वर आलं. तोवर उद्घाटनाच्या पत्रिका वाटून झाल्या होत्या."

"आणि तुम्ही ती मैदानावर पसरलीत?"

"कुठे टाकली असती? गाड्या भरून बाहेर नेली असती तर शंभर प्रश्न आले असते." ते शांतपणे चष्मा पुसत होते. "दुसरी जागा बघू म्हणून मी तुला तीनदा म्हणालो होतो. तुला दोन वर्षं थांबायचं नव्हतं. बाबांच्या पंचाहत्तरीला फीत कापायची होती."

हे खरं आहे. याहून वाईटही खरं आहे, आणि ते मामांनी काढलं नाही, मीच इथे लिहितो. आर्किटेक्टबाईंनी मातीची तपासणी करून घ्या म्हणून लेखी कळवलं होतं. तीन महिने लागतील म्हणाल्या होत्या. तो कागद माझ्या टेबलावर आला आणि 'आवश्यकता नाही' असा शेरा मी माझ्या हातानं मारला. खाली सही. झोकदार सही आहे माझी.

"आता काय करायचं?" मी विचारलं. आवाज शाळकरी पोराचा आला.

"काही नाही. दुरुस्तीच्या नावाखाली शाळा सुट्टीत बंद कर. वर फरशी घालू. त्या म्हाताऱ्याचं मी बघतो. तोंड उघडलंस तर कारखान्याला टाळं लागेल. सहाशे घरं आहेत. आणि तू आत जाशील. तुझी मुलगी तुला जाळीतून बघेल."

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, देवाशपथ मला आठवत नाही.

१८ फेब्रुवारी

बायकोला म्हटलं, छकुलीचं रक्त गुपचूप तपासून घेऊ. दुसऱ्या शाळेत घालू. मग शांतपणे विचार करू.

"आणि बाकीची एकशे एकोणचाळीस?"

"म्हटलं ना, विचार करू."

तिनं छकुलीला तयार केलं, डॉक्टरांकडे नेलं. मी सोबत होतो. दवाखान्यातून ती थेट शाळेत गेली, मुख्याध्यापकांना भेटली आणि शाळा आजपासून बंद करवली. कारण सांगितलं, पाण्याची टाकी फुटली. "हे खोटं मी तुला चार दिवस उसनं देतेय," मला म्हणाली. "चार दिवसांत तू खरं बोल, नाहीतर मी बोलेन."

मामांचे सात फोन येऊन गेले. उचलले नाहीत.

२० फेब्रुवारी

रिपोर्ट आला. रक्तातलं शिसं पाचच्या आत असायला हवं होतं. छकुलीचं तेवीस आहे.

डॉक्टर माझ्याच वयाचे. त्यांनी आधी पाणी दिलं. म्हणाले, पालेभाजीपेक्षा धूळ जास्त पोटात जाते. मुलं मातीत खेळतात, तेच हात तोंडात. त्या जागेपासून लांब ठेवलं, आहार सुधारला, गरज पडली तर औषध दिलं, की रक्तातलं हळूहळू खाली येतं. महिने लागतात.

"मग पूर्ण बरी होईल?"

"रक्त सुधारेल. डोक्यावर किती परिणाम झालाय ते आज कुणीच सांगू शकणार नाही. कदाचित काहीच नाही. कदाचित गणितात मागे पडेल, चिडचिड करेल. मोठी होईल तसं कळेल."

मी त्या माणसाच्या लोंबत्या पंजाबद्दल विचारलं. ते म्हणाले, शिशानं मज्जातंतू मरतात, मनगट उचलता येत नाही, जुन्या कामगारांत त्यांनी पाहिलंय. हिरड्यांवरची काळी रेघही शिशाचीच. म्हणजे त्याला उजव्या हातानं लिहिताच येत नव्हतं.

बाहेर छकुली बाकावर पाय हलवत बसली होती. तिनं विचारलं, "मला काय झालंय?" मी 'काही नाही' म्हणणार होतो. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "शाळेतल्या मातीत विष होतं. बाबांनी बघितलं नाही."

"का नाही बघितलं?"

मी खाली वाकून तिच्या चपलेचा बंद लावला.

२१ फेब्रुवारी

तक्रार मागे घेतली. तो लेकीच्या घरी आहे. एकच खोली, खाटेवर पडला होता, दोन बरगड्या मोडल्यात. मला बघून त्याची लेक भिंतीला चिकटून उभी राहिली. ती मला घाबरत होती! मला!

मी माफी मागितली. जमली नाही नीट.

"आधीच सरळ येऊन का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"आलो होतो. पाया खणायला लागले त्याच दिवशी मामासाहेबांकडे गेलो. त्यांनी फाटकाबाहेर काढलं. मग तुम्हाला गाठायला उभा राहायचो, पण तुमची गाडी थांबायचीच नाही. काच वर." त्यानं डाव्या हातानं उजवा पंजा उचलून पोटावर ठेवला. "आणि खरं सांगू? पिंपं पुरली तेव्हा बोलणार नाही असं लिहून दिलं होतं मी. त्या बदल्यात ही खोली मिळाली, लेकीला दिली ती. माझीही जीभ जड होती, साहेब."

निघताना म्हणाला, "तुम्ही बोलणार आहात का? की नुसते आलात?"

२२ फेब्रुवारी

वकील एक पान लिहून घेऊन आले. 'काही बाबी निदर्शनास आल्या असून खबरदारीचा उपाय म्हणून.' वाचून गुळगुळीत वाटलं, अगदी हवंहवंसं. पान खिशात ठेवलं.

प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात मात्र सगळं लेखी देऊन आलो, आर्किटेक्टबाईंचा कागद आणि माझा शेरा जोडून. अधिकाऱ्यानं तो दोनदा वाचला आणि विचारलं, "ही तुमचीच सही?" मामांना फोन करून कळवलं. कुणाकडे दिलास, एवढंच त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "ताईच्या पोटी तू कसा जन्मलास," आणि फोन ठेवला.

उद्या पालकांना बोलावलंय.

२३ फेब्रुवारी

कारखान्याच्या जेवणघरात सभा घेतली. बाकं भरली, लोक भिंतीला लागून उभे राहिले. पहिल्या रांगेतल्या काहींनी मला बघून हात जोडले. आठ महिने ते मला हात जोडताहेत.

वकिलांचं पान काढलं. अक्षरं नाचत होती. शेवटी पान टेबलावर उलटं ठेवलं आणि जसं आलं तसं सांगितलं. पिंपं. माती. तपासणीला मी नाही म्हटलं ते. छकुलीचे तेवीस. मुलांना घरी नेलेला पालक.

मला वाटलं होतं आरडाओरडा होईल, खुर्च्या येतील अंगावर. मी दाराजवळच उभा राहिलो होतो, पळता यावं म्हणून. कुणी हललं नाही.

मग शिवणकाम करणारी एक बाई उठली. कडेवर वर्षाचं बाळ. "माझी मोठी तुमच्या शाळेत आहे," ती म्हणाली. "तिनं आणलेला पालक मी याला शिजवून, घोटून भरवत होते. ताकद यावी म्हणून. दर शुक्रवारी." तिचा आवाज चढला नाही. "याचं काय?"

मी म्हणालो, "मला माहीत नाही."

"मग माहीत करून घ्या," ती म्हणाली आणि खाली बसली.

त्यानंतर आरडाओरडा झाला. एकानं माझी कॉलर धरली. बायको आमच्या मध्ये आली नाही. तिनं टेबलावर वही उघडली आणि तपासणीसाठी मुलांची नावं लिहून घ्यायला सुरुवात केली. पहिलं नाव छकुलीचं लिहिलं.

१ मार्च

मामा गाव सोडून गेले म्हणतात. चौकशी सुरू झाली आहे. शिसं वितळवायचं खातं बंद ठेवलंय. फाटकापाशी कामगार घोळक्यानं उभे असतात आणि गाडी आली की बाजूला होत नाहीत. मी चालत जातो.

आज रक्त तपासायचं शिबिर होतं. रांग रस्त्यापर्यंत आली होती. मी पाणी द्यायचं काम मागून घेतलं. बरेच जण माझ्या हातचं घेत नव्हते.

शिवणकामवाल्या बाईचा नंबर आला. आधी थोरलीला टोचायचं होतं. ती रडून आकांत करत होती, तिला धरायला आईचे दोन्ही हात लागत होते. बाईनं इकडेतिकडे पाहिलं. ओळखीचं कुणी जवळ नव्हतं. मग माझ्याजवळ आली आणि बाळ माझ्या हातात दिलं. चेहऱ्यावर काही नव्हतं, ओळखही नव्हती.

"धरा," म्हणाली. "त्यालाही टोचायचंय. हात हलू देऊ नका."

बाळ ऊबदार होतं आणि अपेक्षेपेक्षा हलकं. नर्सनं त्याच्या दंडाला पट्टी बांधली. एवढासा दंड, शीर सापडेना. मी कोपर तळहातावर धरलं. त्या दिवशी गाडीत थिजलो होतो तेव्हाही इतका घाबरलो नव्हतो. बाळानं माझ्याकडे बघून तोंड उघडलं, दोन दात दिसले. मी हिरड्या बघितल्या. मला कळेना त्यांचा रंग कसा आहे.

"आता," नर्स म्हणाली.

सुई आत गेली. ते किंचाळलं, सगळ्या अंगानं ताठ झालं. मी हात हलू दिला नाही.